यांता म्हणजे टायर की रिम? एका स्पॅनिश शब्दाचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण भागातल्या, दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने निर्यातीसाठी स्पॅनिश कॅटलॉग छापला आणि त्यात टायरला 'यांता' म्हटलं (स्पेलिंगात सुरुवातीला दोन एल आहेत, उच्चार बहुतेक ठिकाणी 'य'). मेक्सिकोच्या डीलरला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. स्पेनच्या डीलरने मात्र कळवलं की यांता म्हणजे रिम, टायर नव्हे, कॅटलॉग सुधारा. निर्यात विभागात काम करणाऱ्या गृहस्थांनी विचारलंय की यात बरोबर कोण, आणि हा शब्द मुळात आला कुठून.

वाहनांची माहितीपुस्तकं आणि सुट्या भागांच्या याद्या स्पॅनिशमध्ये नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो, त्यामुळे या शब्दाशी रोजची गाठ. आधी उत्तर सांगतो, मग कारण. दोघेही बरोबर आहेत. कुणी बोली बोलतोय आणि कुणी शुद्ध, असाही प्रकार नाही. ज्या वस्तूचं हे नाव होतं तिचेच दोन तुकडे झाले. स्पेनने एक तुकडा धरला, मेक्सिकोने दुसरा.

हे समजायला रबराच्या आधीच्या चाकापर्यंत मागे जावं लागतं. आपल्याकडच्या बैलगाडीचं जुनं चाक डोळ्यांपुढे आणा. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आरे ज्यात रुततात ते परिघाचे वाकडे लाकडी तुकडे, आणि या सगळ्यावर लोखंडाची धाव. युरोपातलं गाडीचं चाक याहून फार वेगळं नव्हतं. स्पॅनिशमध्ये तुंबा म्हणजे 'कूबो' किंवा 'मासा', आरा म्हणजे 'रायो' किंवा 'रादियो', परिघाचा लाकडी तुकडा म्हणजे 'पिना', आणि धाव म्हणजे 'यांता'. अख्ख्या चाकाला 'रुएदा' म्हणतात. तो लॅटिन 'रोता'वरून आला आणि आपल्या 'रथ' शब्दाशी त्याचं मूळ एकच आहे.

यातला 'यांता' शब्द स्पेनमध्ये जन्मलेला नाही. तो फ्रेंच 'झांत'वरून आला. फ्रेंचमध्ये झांत म्हणजे धाव नव्हे, तर धावेच्या आतला तो वाकडा लाकडी भाग. म्हणजे सीमा ओलांडतानाच हा शब्द लाकडावरून लोखंडावर सरकला. पुढे जे होणार होतं त्याची ही पहिली खेप. फ्रेंच शब्दाच्या मागे रोमन लोकांच्या आधी त्या मुलुखात बोलली जाणारी गॉल लोकांची केल्टिक भाषा आहे. तिच्यात 'कांबो' म्हणजे वाकडा, आणि त्यावरून 'कांबिता' असं मूळ रूप अभ्यासक मांडतात. वेल्श आणि आयरिश भाषांत 'काम' म्हणजे वाकडं हा शब्द अजूनही आहे. वाकडा तुकडा तो कांबिता. इतकं सरळ नाव.

आता इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग तोच. स्पेन आणि पोर्तुगालमध्येही केल्टिक बोलणारे लोक होते. त्यांच्याकडूनही हाच 'वाकडा' शब्द तिथे थेट उतरला होता. पोर्तुगीजमध्ये चाकाच्या परिघाच्या लाकडी तुकड्याला 'कांबा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये तोच शब्द 'कामा' झाला. नांगराच्या वाकड्या लाकडाला आणि चाकाच्या पिनालाही जुन्या स्पॅनिशमध्ये हे नाव आहे. (झोपायची खाट म्हणजेही कामा, पण तो शब्द वेगळा.) म्हणजे घरात एक भाऊ आधीपासून राहत होताच, आणि दुसरा भाऊ फ्रान्समधून वेष बदलून आला. दोघांना एकमेकांची ओळख पटली नाही. एकाने लाकूड घेतलं, दुसऱ्याने लोखंड.

चाकाच्या कामात गॉल लोकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे रोमनांच्या शब्दांवरूनही कळतं. लॅटिनमधला 'कार्रुस' म्हणजे गाडा, हा गॉल लोकांकडून उसना घेतलेला. त्यातून स्पॅनिश 'कार्रो' आला आणि इंग्रजी 'कार'ही. दुचाकी गाडीचं त्यांचं नाव लॅटिनमध्ये 'कार्पेंतुम' झालं, ती बनवणारा तो 'कार्पेंतारियुस', आणि आज स्पॅनिशमध्ये कुठल्याही सुताराला 'कार्पिंतेरो' म्हणतात. अखंड लोखंडी कडं तापवून चाकावर चढवण्याची रीतही केल्टिक लोकांच्या चाकांत दिसते.

ही रीत आपल्याकडच्या लोहार-सुतारांना वेगळी सांगायला नको. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, विस्तवात लाल करायची, म्हणजे ती प्रसरण पावते; मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. थंड होताना लोखंड आवळतं, लाकडाचे सगळे सांधे करकचून बसतात आणि चाक एकजीव होतं. त्या धावेची कामं दोन, हे इथे नीट लक्षात घ्या. एक, चाकाला बाहेरून बांधून ठेवणं. दोन, रस्त्यावर स्वतः झिजून लाकूड वाचवणं. मराठीने नाव देताना दुसरं काम बघितलं, धावणारी ती धाव. स्पॅनिशने उसना शब्द घेतला, त्यामुळे त्याच्यात कुठलंच काम लिहिलेलं नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

१८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने तीच कल्पना सायकलीसाठी पुन्हा आणली आणि या वेळी ती टिकली. १८९१ मध्ये मिशलॅं बंधूंनी काढता-घालता येणारा सायकलचा टायर केला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार पळवली. सुरुवातीच्या मोटारींची चाकं मात्र अजून गाड्याचीच होती, लाकडी आऱ्यांची. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांचे जुने फोटो बघितलेत तर लाकडी आरे स्पष्ट दिसतात. लाकडी परिघावर पोलादी कडं, आणि त्या कड्यावर रबर.

आता धावेची दोन कामं दोन वस्तूंत वाटली गेली. चाकाला बांधून धरणारं धातूचं कडं जागच्या जागी राहिलं. रस्त्यावर झिजण्याचं काम रबराकडे गेलं. मग 'यांता' कुणाला म्हणायचं?

स्पेनने धातू धरला. त्याला कारणही होतं. स्पॅनिश अकादमीच्या कोशात यांताचा आणखी एक अर्थ आहे, जाडीपेक्षा रुंदी बरीच जास्त असलेली लोखंडाची पट्टी. म्हणजे त्यांच्या कानात यांता म्हणजे मुळात लोखंडच होतं, आणि लोखंड जिथे राहिलं तिथे नावही राहिलं. बाहेर जे नवीन आलं त्याला नवीन नाव मिळालं, 'नेउमातिको', म्हणजे हवेचं. पुढे लाकडी आरे गेले, पोलादी पत्र्याची आणि मग मिश्रधातूची अख्खी चाकं आली, तसा यांता शब्द कड्यावरून आत पसरत मध्यापर्यंत पोचला. आपण ज्याला अलॉय व्हील म्हणतो त्याला स्पेनमध्ये 'यांता दे आलेआसियोन' म्हणतात. स्पेनचा माणूस 'यांतांमधली हवा' वाचून हसेल, कारण त्याच्या लेखी तुम्ही ॲल्युमिनियमच्या तुकड्यात हवा भरायला सांगताय.

मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया, एक्वादोर, पेरू या पट्ट्याने रस्ता धरला. जे जमिनीला टेकतं आणि झिजतं ते यांता. मग ते लोखंडाचं असो की रबराचं. यात ओढूनताणून केलेलं काही नाही. इंग्रजीने तंतोतंत हेच केलंय: 'टायर' हे आधी गाड्याच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीचं नाव होतं, रबर आल्यावर तेच नाव रबराला मिळालं. मेक्सिकोच्या यांतावर कुणी 'अशुद्ध' म्हणून बोट ठेवलं, तर त्याने आधी इंग्रजांकडून टायर शब्द परत घ्यायला हवा. आपण मराठीने यातलं काहीच केलं नाही. धाव लोखंडापाशीच राहिली आणि रबराला आपण आयता टायर घेतला. इतका, की ऊसतोडीच्या पट्ट्यात 'टायर' म्हटलं की रबरी चाकांची अख्खी बैलगाडी.

मेक्सिकोत यांता टायरकडे गेल्यावर धातूचा भाग बिननावाचा झाला. शेजारी अमेरिका, मोटारी आणि सुटे भाग तिथून येणारे, तेव्हा इंग्रजी 'रिम' उचलला गेला. पण स्पॅनिश शब्दाच्या शेवटी 'म' सहसा येत नाही, तोंडात बसत नाही. म्हणून तो 'रिन' झाला आणि अनेकवचन 'रिनेस'. मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला या देशांत हाच शब्द. पेरू आणि एक्वादोरमध्ये रिमला 'आरो' म्हणतात, म्हणजे कडं. आपल्या चाकातल्या आऱ्यांशी त्याचा घोटाळा करू नका. आरो बाहेरचा गोल, आरे आतल्या काड्या.

आर्जेंटिना, उरुग्वे, चिले हे खालचे देश स्पेनच्या बाजूला आहेत, तिथे यांता म्हणजे रिमच. टायरला चिलेत नेउमातिको, आर्जेंटिनात 'कुबिएर्ता' (आवरण) किंवा बोलताना 'गोमा' (रबर). क्यूबा, प्युएर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक या बेटांवरही टायर म्हणजे गोमा. व्हेनेझुएलाने तिसरी वाट धरली आणि टायरला 'काउचो' म्हटलं. काउचो म्हणजेही रबरच, पण हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून आलेला. गंमत म्हणजे ज्या मेक्सिकोत रबर युरोपीय लोक यायच्या हजारो वर्षं आधीपासून वापरात होतं आणि ज्याच्याकडे तिथल्या मूळ रहिवाशांच्या 'नावात्ल' या भाषेतून आलेला 'ऊले' (रबर) हा स्वतःचा शब्द आहे, त्याने टायरला मात्र गॉल लोकांचा वाकडा लाकडी तुकडाच ठेवला.

उच्चाराची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. फ्रेंच 'झ' स्पॅनिश जिभेवर नव्हता, म्हणून झांतचा यांता झाला. पण ब्यूनॉस आयर्समध्ये हा दुहेरी एल 'श'सारखा उच्चारतात, आणि जुन्या पिढीकडून त्याच्या जागी 'झ' ऐकू येतो. म्हणजे जो आवाज पिरिनीज पर्वत ओलांडताना हरवला, तो अटलांटिक ओलांडल्यावर अपघाताने परत सापडला. पहिल्यांदा आर्जेंटिनाच्या माणसाशी फोनवर बोलाल तेव्हा तो 'शांता' म्हणाला म्हणून गोंधळू नका. तो कुणा बाईंची चौकशी करत नसून रिमबद्दल बोलतोय.

यांता हा शब्द लॅटिन 'प्लांता'वरून, म्हणजे तळपायावरून आला असेल, असं कुणालाही वाटू शकतं. जमिनीला टेकतं ते तळवा, अर्थ छान जुळतो. शिवाय लॅटिनचा सुरुवातीचा 'प्ल' स्पॅनिशमध्ये दुहेरी एल होतो हेही खरं: 'प्लुविया'चा (पाऊस) 'युविया' झाला. आणि प्लांतावरून आलेला एक यांता खरोखर आहेही, पण तो गड्डा न धरणाऱ्या एका कोबीचं नाव आहे. चाकाचा त्याच्याशी संबंध नाही.

पंक्चरच्या दुकानांची नावं बघितली की हा सगळा नकाशा पाट्यांवर दिसतो. आर्जेंटिनात 'गोमेरिया', व्हेनेझुएलात 'काउचेरा', कोलंबियात 'मोंतायांतास' (टायर चढवणारा), क्यूबात 'पोंचेरा'. मेक्सिकोत 'यांतेरा' किंवा 'बुल्कानिसादोरा'. हा दुसरा शब्द चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनायझिंगवरून, म्हणजे गंधक घालून, तापवून रबर पक्कं करण्याच्या रीतीवरून. छोट्या टपरीवर बसून पंक्चर काढणारा तिथे 'तालाचेरो', आणि त्याची खूण आपल्याकडच्यासारखीच, रस्त्याकडेला टांगलेला जुना टायर. पंक्चर होणं याला स्पेन आणि आर्जेंटिनात 'पिंचार', मेक्सिकोत इंग्रजी पंक्चरवरून 'पोंचार', व्हेनेझुएलात 'एस्पिचार'. पोंचार जपून वापरा, कारण बेसबॉल खेळणाऱ्या देशांत त्याचा अर्थ फलंदाजाला बाद करणं असाही होतो.

पोटावरच्या वळ्यांनाही मेक्सिकोत यांतास म्हणतात. स्पेनमध्ये त्याच वळ्यांना 'मिचेलिनेस', म्हणजे मिशलॅं (स्पॅनिश उच्चार 'मिचेलिन') टायर कंपनीच्या १८९८ सालच्या त्या फुगलेल्या बाहुल्यावरून. वळ्या त्याच, टायरही तेच, पण स्पेनने यांता शब्द तिथे वापरला नाही, कारण त्याच्या दृष्टीने यांता कडक असते. आर्जेंटिनातली पोरं पायातल्या स्पोर्ट्स शूजना यांतास म्हणतात. कॅटलॉगला याचा उपयोग नाही, पण तिथल्या जाहिरातीत हा शब्द दिसला तर आधी चित्र बघा.

आता तुमच्या कॅटलॉगकडे येतो. खरी अडचण एका शब्दाची नाही, जोडशब्दांची आहे.

मेक्सिकोत 'यांता रिन १६' म्हणजे सोळा इंची रिमवर बसणारा टायर. स्पेनमध्ये 'यांता दे १६' म्हणजे सोळा इंची रिम. दोन्हीकडे आकडा तोच, वस्तू वेगळी, आणि ऑर्डर ईमेलवर एका ओळीत येते. दुसरं, देखभालीच्या सूचना. 'वाकडी झालेली यांता वापरू नका' हे वाक्य दोन्ही देशांत नीट अर्थाचं लागतं, फक्त मेक्सिकोचा मेकॅनिक टायर तपासतो आणि स्पेनचा रिम. अशी चूक सापडत नाही, कारण वाचणाऱ्याला काही खटकतच नाही. हवेच्या दाबाचं वाक्य असतं तर निदान स्पेनच्या माणसाने कळवलं असतं.

यावर बहुतेक कंपन्यांत सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'सगळीकडे चालेल असा शब्द घाला', आणि तो शब्द म्हणून नेउमातिको पुढे केला जातो. मोटारींच्या बाबतीत हे बरंचसं जमतं. औपचारिक लिखाणात मेक्सिकोतही नेउमातिको म्हणजे टायर हे कळतं. पण तुमचा माल दुचाकीचा आहे, आणि भारतीय मोटरसायकलींची मोठी बाजारपेठ कोलंबिया आहे. कोलंबियात नेउमातिको म्हणजे आतली ट्यूब. स्पेनमध्ये जिला 'कामारा' म्हणतात ती. तिथल्या दुकानदाराने 'यांता आणि नेउमातिको' मागितलं तर त्याला टायर-ट्यूब हवीय. तुम्ही स्पेनचा कोश उघडून रिम आणि टायर पाठवाल. म्हणजे एकाच दोन शब्दांत दोन्ही वस्तू चुकतील. व्हेनेझुएलात ट्यूबला 'त्रिपा' म्हणतात, म्हणजे आतडं. तो शब्द निदान कुठे फसवत नाही.

चाकाच्या मधल्या झाकणाचंही असंच आहे: स्पेनमध्ये 'तापाकूबोस', आर्जेंटिनात 'तासा' (कप), कोलंबियात 'कोपा' (पेला). दुचाकीला ते लागत नाही, म्हणून सोडून देतो. पेरूसारख्या देशात तीनचाकी मोतोताक्सीसाठी भाग पाठवत असाल, तर तिथे यांता म्हणजे टायर आणि आरो म्हणजे रिम, एवढं पुरतं.

माझी पद्धत अशी. एकच स्पॅनिश कॅटलॉग करायचा हट्ट सोडा. मूळ मजकूर एक ठेवा, पण टायर, रिम, ट्यूब या तीन शब्दांच्या जागा रिकाम्या ठेवून देशानुसार भरा. मेक्सिको: यांता, रिन, कामारा. कोलंबिया: यांता, रिन, नेउमातिको. पेरू: यांता, आरो, कामारा. आर्जेंटिना: कुबिएर्ता, यांता, कामारा. स्पेन: दुचाकीसाठी नेउमातिको किंवा कुबिएर्ता, यांता, कामारा. एकत्र छापणं भागच असेल तर प्रत्येक भागाला चित्र आणि क्रमांक द्या, आणि ऑर्डर क्रमांकावरच घ्या, नावावर नको. भाषांतर कुणाकडून करून घेतलंत तर त्यांना पहिला प्रश्न 'माल कुठल्या देशात जातोय' हा विचारू द्या. तो न विचारता कामाला लागणारा भाषांतरकार स्वस्त असला तरी महाग पडतो.

स्पेनच्या डीलरला उत्तर लिहाल तेव्हा 'चूक दुरुस्त केली' असं लिहू नका. 'स्पेनसाठीची आवृत्ती सोबत जोडली आहे' असं लिहा. आणि मेक्सिकोला गेलेल्या प्रतींना हात लावू नका.